जपानपट्टी

स्टोअररूमच्या वरच्या फळीवरून निळा कूलर खाली काढला, झाकण उघडलं, तर आतून सुकटीचा वास आला. खरं तर यायला नको होता. दोन वर्षांत त्याला कुणी हात लावलेला नाही, आणि शेवटचा वापरला तेव्हा अम्मीने तो लिंबाने घासून पुसून ठेवला होता, हे मी स्वतः पाहिलंय. पण या प्लास्टिकने एकदा काही शोषलं की शोषलं. मी झाकण लावलं, पुन्हा उघडलं, आणि लहान मूल होऊन पुन्हा नाक आत घातलं.

"तो कुणाला तरी देऊन टाक," अब्बा सोफ्यावरून म्हणाले. "मना आता काय करायचाय?"

पंधरा दिवस आमच्या घरात हे एकच वाक्य चाललंय. पान्यांचा डबा देऊन टाक, इस्त्री देऊन टाक, तो चांगला कोट आहे तो देऊन टाक, मना आता काय करायचाय. अब्बा चाळीसेक वर्षं बहरीनमध्ये राहिले, त्यातली बहुतेक जहाजदुरुस्तीच्या यार्डात फिटर म्हणून. आता या महिनाअखेरीस ते रत्नागिरीकडच्या आमच्या गावी कायमचे चाललेत. तिकीट एकाच बाजूचं काढलंय. अम्मी दोन वर्षांपूर्वी सुट्टीवर गावी गेली आणि तिथेच गेली. तिच्या कबरीपासून चार पावलांवर मशीद आहे, मशिदीच्या ओट्यावर बसायला जागा आहे, आणि अब्बांच्या मनात आता एवढीच जागा उरली आहे. "माजं फिरणं खलास," ते म्हणतात, आणि ते इतक्या शांतपणे म्हणतात की मला रडू येण्याऐवजी राग येतो.

राग यायला कारण आहे. जायच्या आधी एकदा माझ्याबरोबर जपानला चला, असं मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी हात हलवून माशी उडवावी तसं ते उडवून लावलं. ज्या माणसाने आम्हाला सगळं लहानपण दर शुक्रवारी जपान दाखवला, तो माणूस जपानला नको म्हणतो!

हे नीट सांगायला हवं. मी सात-आठ वर्षांची असताना यार्डात एक जपानी जहाज दुरुस्तीला आलं होतं. त्याच्यावरच्या इंजिनीअरशी अब्बांची दोस्ती झाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अब्बा म्हणत, त्यामुळेच जमलं. जाताना त्या साहेबांनी अब्बांना एक घडीची पट्टी दिली. पेटीच्या भात्यासारखी उघडायची, उघडली की हातभर लांब. तिच्यावर त्यांच्या गावाकडचा समुद्रकाठचा रस्ता होता आणि रस्त्यावरची बघण्यासारखी सात ठिकाणं, सात चित्रांत. बर्फाचा डोंगर, टोकावरचं दीपगृह, समुद्रात उभा असलेला भोकाचा खडक, मासे वाळत घातलेलं कोळ्यांचं गाव, लाल पूल, पायऱ्यापायऱ्यांची भातशेती, आणि एक एवढंसं स्टेशन. सगळ्या चित्रांतून एक बारीक पांढरा रस्ता वळत गेलेला. अक्षरं सगळी जपानी. आमच्या घरात तिचं नाव पडलं जपानपट्टी.

पट्टी घरी आणली त्या संध्याकाळी अब्बांनी ती उजवीकडून उघडली. बर्फाच्या डोंगरावर बोट ठेवून म्हणाले, "हितनं सुरू."

"हिकडनं असंल की," अम्मी डाव्या टोकाच्या स्टेशनाकडे बघत म्हणाली.

"तू मराठी शाळेत शिकलीस ना, म्हणून तुना डावीकडनं दिसतंय." अब्बा उर्दू शाळेत शिकलेले. घरात कुराण उजवीकडून, यार्डातले अरबी कागद उजवीकडून. जगातली महत्त्वाची गोष्ट उजवीकडून सुरू होते यात त्यांना कधी शंका नव्हती. अम्मी हसली आणि पीठ मळायला गेली. वादात हरलेली बाई लगेच ओळखू येते; ती हरलेली दिसत नव्हती.

आणि मग सुरू झाले आमचे जपानचे शुक्रवार. थंडीच्या दिवसांत, जुम्म्याची नमाज आणि जेवण उरकलं की अब्बा खाली जाऊन हॉर्न वाजवायचे. गाडी जपानची, टेप जपानचा, चहाचा थर्मास जपानचा. माणसं तेवढी रत्नागिरीची. मागच्या सीटवर मी आणि माझा भाऊ, मध्ये हा निळा कूलर. कूलरमध्ये बर्फ, बर्फावर पाण्याच्या बाटल्या, आणि वर फडक्यात बांधलेल्या तांदळाच्या भाकरी, सुकटीची चटणी. तापलेल्या रेक्झिनचा आणि सुकटीचा मिळून जो वास व्हायचा, तो माझ्या लेखी जपानचा वास होता. पुढे कधी शाळेत जपानचा धडा आला की मला भूक लागायची.

पट्टीच्या क्रमाने जायचं, हा नियम. म्हणून जिदहफ्सच्या आमच्या घरून निघून आधी सरळ दक्षिणेला, ईसा टाउनवरून खाली, पार जबलपर्यंत. बहरीनमधला हा सगळ्यात उंच डोंगर आमच्या गावच्या माणसाला दाखवला तर तो विचारेल, डोंगर कुठाय? धुरकट, तपकिरी, बुटका. अब्बा गाडी बाजूला घेऊन पट्टी काढायचे, चित्र बघायचे, समोर बघायचे, आणि समाधानाने मान हलवायचे.

"बर्फ कुठाय?" भाऊ दर वेळी विचारायचा.

अब्बा दर वेळी कूलर उघडायचे आणि आमच्या ओंजळीत एकेक मूठ बर्फ घालायचे. "हा काय हाय मग?" आम्ही तो बर्फ डोळ्यांसमोर धरून डोंगर त्याच्या वर बसवायचो. हात बधिर व्हायचे, पाणी कोपरापर्यंत ओघळायचं, फ्रॉक भिजायचा. अम्मी ओरडायची आणि स्वतःही एक खडा तोंडात टाकायची. तो दाताखाली फुटल्याचा आवाज मला आजही ऐकू येतो.

दीपगृह म्हणजे पाण्याची टाकी होती, तिचं फार काही सांगण्यासारखं नाही. पण मालकियाच्या किनाऱ्यावरचा भोकाचा खडक! तो सिमेंटचा एक भलामोठा पाइप होता. कुणीतरी कधीतरी वाळूत टाकून विसरून गेलेलं. त्याच्या आत शेवाळाचा, खारट ओलाव्याचा वास यायचा आणि पलीकडच्या तोंडातून गोल समुद्र दिसायचा. आम्ही आत शिरून "जपान!" ओरडायचो, की पाइप म्हणायचा, "पान... पान..." भाऊ म्हणे, याला पान पाहिजे. पुढच्या शुक्रवारी अम्मीने खरंच पान लावून आणलं आणि पाइपाच्या तोंडाशी ठेवलं. एवढा गंभीर चेहरा करून, की आम्ही दोघं हसून हसून वाळूत पडलो. अब्बा म्हणाले, "जपानी लोक बगतील तर काय म्हणतील?" जवळच जाळं दुरुस्त करणारे एक म्हातारे बहरीनी होते. ते म्हणाले काही नाही, पण पान त्यांनी खाल्लं.

त्याच किनाऱ्यावर मासे धरायचे तारेचे पिंजरे रचून ठेवलेले असायचे, घुमटाएवढे, आणि ते आमचं कोळ्यांचं गाव. अब्बा तिथून साफी मासे घ्यायचे, मग वर गाडी वळायची आणि समुद्रात लांबच लांब गेलेला सौदीचा पूल दिसायचा. तो लाल नव्हता. अब्बा म्हणत, थांबा, मगरिबला होतो. आम्ही थांबायचो. आणि सूर्य पाण्याला टेकला की तो खरोखर थोडासा लाल व्हायचा, काही क्षण. अम्मी त्या वेळी गप्प असायची. एकदाच तिने विचारलं, "ह्या पुलावरनं चालत गेलं तर रत्नागिरी येल काय?"

"रत्नागिरी उलट्या बाजूला हाय," अब्बा म्हणाले.

अम्मी म्हणाली, "तेच बोलतंय मी." तिला काय म्हणायचं होतं ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

परतीला बुदय्याच्या रस्त्यालगतच्या बागा, खजुरीखाली लसूणघासाचे हिरवे वाफे. पाणी सोडलेलं असलं की ओल्या मातीचा वास खिडकीतून आत यायचा आणि दोघंही एकदम गावच्या मळ्यांबद्दल बोलायला लागायची. ही आमची भातशेती. आणि शेवटी जिदहफ्स, आमच्या बिल्डिंगसमोरचा बसस्टॉप, एक बाक, वर पत्रा. पट्टीवरच्या स्टेशनातही असाच एक बाक होता. अब्बा आम्हाला त्या बाकावर मिनिटभर बसवायचे, हात झटकायचे आणि जाहीर करायचे, "यल्ला, उतरा. जपान खलास!"

शब्द तोच आहे, बघा. तेव्हा तो ऐकला की आम्ही ओरडायचो, पुन्हा, पुन्हा. आता ते तोच शब्द सोफ्यावर बसून म्हणतात आणि कुणी ओरडत नाही.

मागच्या महिन्यात बँकेच्या ट्रेनिंगसाठी मी जपानला गेले. ट्रेनिंग शहरात होतं, पण मधला एक दिवस मोकळा मिळाला. मी जपानपट्टी पर्समध्ये घालूनच नेली होती. हॉटेलातल्या मुलीने ती बघून तो रस्ता शोधून दिला आणि सांगितलं, आगगाडी फक्त त्या छोट्या स्टेशनापर्यंत जाते. मी मनाशी म्हटलं, म्हणजे शेवटाकडून सुरुवातीला जावं लागणार. अब्बांना आवडलं नसतं.

स्टेशनात मी एकटीच उतरले. बाक होता. वर पत्रा होता. रुळांच्या पलीकडे लगेच समुद्र, आणि वाळत घातलेल्या शेवाळाचा वास. मी त्या बाकावर बसले आणि तोंडातून आपसूक निघालं, "जपान खलास." मग लक्षात आलं की मी आत्ताच आलेय.

बाहेर एकच टॅक्सी होती आणि तिचे ड्रायव्हर अब्बांच्याच वयाचे होते, हातात पांढरे हातमोजे. मी पट्टी बॉनेटवर पसरली आणि उजव्या टोकाच्या बर्फाच्या डोंगरावर बोट ठेवलं. आधी इथे, मग असं असं इकडे. त्यांनी अदबीने मान हलवली. नाही. त्यांनी डाव्या टोकाच्या स्टेशनावर बोट ठेवलं, मग खाली जमिनीकडे दाखवलं. इथे. आणि बोट सावकाश उजवीकडे नेलं. मी पुन्हा डोंगर दाखवला, त्यांनी पुन्हा स्टेशन. आमचं असं बराच वेळ चाललं. शेवटी मी फोन काढून चित्रांखालची अक्षरं त्याला वाचायला लावली. स्टेशनाखालच्या शब्दाला फोनने मराठीत लिहिलं, प्रस्थान. डोंगराखालच्या शब्दाला लिहिलं, आगमन.

मी तिथेच, त्या बिचाऱ्या परक्या माणसासमोर, खो खो हसत सुटले. अम्मी, तू बरोबर होतीस. इतकी वर्षं. हसून पीठ मळायला गेली होतीस ती. आणि मग हसता हसता मला रडू आलं, कारण हे सांगायला ती नव्हती. ड्रायव्हरकाकांनी खिशातून कागदी रुमालाचं पाकीट काढून पुढे केलं आणि समुद्राकडे बघत उभे राहिले.

त्यांनी मला भातशेतीवर नेलं. पाणी नुकतंच भरलं होतं, समुद्रापर्यंत उतरत गेलेल्या पायऱ्यांत आभाळ पडलेलं, आणि वास, अगदी आमच्या गावच्या मळ्याचा. बेडूकसुद्धा तसेच ओरडत होते. मग लाल पूल. तो खरंच लाल होता, आणि एवढासा, पाच मिनिटांत चालून पार होतो. मी मधोमध उभी राहिले. पलीकडे रस्ता वळून कोळ्यांच्या गावाकडे जात होता, खडकाकडे, दीपगृहाकडे, बर्फाकडे. परतीच्या गाडीला अजून वेळ होता. ओढूनताणून एखादं ठिकाण झालं असतं. पण माझं पाऊल उचलेना. मी काकांना म्हटलं, बस, मागे फिरू या.

घरी आले तेव्हा अब्बांचा पहिला प्रश्न, "बर्फ बगलास?"

"नाही हो. वेळ नाही मिळाला."

"मग काय बगलास!" असं म्हणून त्यांनी टीव्ही लावला.

मी सांगितलं नाही. पंधरा दिवस झाले, सांगितलं नाही. कसं सांगणार? फिटर माणूस, कामात एक बोल्ट उलटा बसवला तर आठवडाभर झोप नाही. त्यांना जाता जाता सांगायचं, की तुमचा आख्खा जपान उलटा होता? तुम्ही नाही, अम्मी बरोबर होती? ज्या माणसाने अंगावरचा कोटसुद्धा देऊन टाकायला काढलाय, त्याच्याकडून हेही काढून घ्यायचं? माझं धाडस होत नव्हतं. पण न सांगता त्यांना विमानात बसवायचं, हेही जमत नव्हतं.

म्हणून आज कूलर उघडल्यावर मी तो कुणाला दिला नाही. धुतला, बर्फ भरला. माझ्या मुलीला, साराला, म्हटलं, चल. अब्बांना म्हटलं, "कूलर शेवटचा वापरू या आणि मग देऊन टाकू." काहीतरी देऊन टाकायचंय म्हटल्यावर ते लगेच उठले.

कूलर घेऊन दोन वर्षांनी निघालो होतो. गाडी मी चालवत होते, आणि अब्बा शेजारी बसून ब्रेक दाबत होते. जबलसमोर सारा म्हणाली, "नाना, व्हेअर इज द स्नो?" तिला कुणी शिकवलं नव्हतं. अब्बांनी मागे वळून बघितलं, मग कूलर उघडून तिच्या ओंजळीत बर्फ घातला. "हा काय हाय मग?" तिने किंचाळत तो चेहऱ्यासमोर धरला. अब्बांनी दुसरा खडा स्वतःच्या तोंडात टाकला.

पाइप आता नाही. तिथे भिंत आहे, भिंतीमागे बंगले. पिंजरे आहेत, अजून तसेच. साराने एकाच्या आत तोंड घालून "जपान" म्हणून बघितलं, पण तारेतून आवाज निघून जातो. पुलापाशी आम्ही मगरिबपर्यंत थांबलो. लाल झाला.

आणि मग आमचा जुना बसस्टॉप. नवा पत्रा, नवा बाक. अब्बा बसले. हात झटकले. म्हणाले, "चला. जपान खलास."

मी पर्समधून पट्टी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. "अब्बा, खलास नाही," मी म्हटलं, आणि मग थांबता आलंच नाही. सगळं सांगून टाकलं. हातमोजेवाले काका, फोन, प्रस्थान, आगमन. "आपण उलटी वाचत होतो. हे स्टेशन सुरुवात आहे. म्हणून मी पुलाच्या पुढे गेले नाही. पुढचं तुमच्याशिवाय नको वाटलं मला."

ते पट्टीकडे बघत राहिले. त्यांनी ती उलटी धरली, सुलटी धरली, मग डाव्या टोकाच्या स्टेशनावर बोट ठेवलं. एक बस आली, थांबली, आमच्यातलं कुणी उठत नाही बघून निघून गेली.

"तुजी अम्मी बोलली व्हती," ते म्हणाले.

"हो."

"मी तिला मराठी शाळेवरनं बोललो."

"हो."

"हसली व्हती ती." आणि मग तेच हसायला लागले. आधी नुसते खांदे, मग आवाज, डोळ्यांतून पाणी. हातमोजेवाल्या काकांसमोर मी जशी हसले होते अगदी तसेच. सारा घाबरून माझ्याकडे बघत होती. त्यांनी बोट स्टेशनावरून उचललं आणि सावकाश उजवीकडे नेलं, भातशेती, पूल, कोळ्यांचं गाव, थेट डोंगरापर्यंत.

"म्हंजे इतकी वर्सं आपण नुसते परत येत व्हतो," अब्बा म्हणाले. "निगालोच नाय अजून."

त्यांनी पट्टीची घडी घातली, या वेळी दुसऱ्या बाजूने, आणि ती माझ्या पर्समध्ये नाही, स्वतःच्या खिशात ठेवली. "ते गावचं तिकीट," ते म्हणाले, "म्होरं ढकलतात काय?"

"ढकलतात."

"आनि तिकडचा व्हिसा?"

"इंशाल्ला मिळेल."

सारा कूलर उचलून उभी होती. आतला उरलेला बर्फ खळखळत होता. "नाना, कूलर कुणाला द्यायचा?" तिने चक्क मराठीत विचारलं.

"कुणाला नाय. घरात ठेव," अब्बा म्हणाले. "पण जपानला जाताना घेऊ नको. तिकडं बर्फ हाय."